गुप्त काय असावे?

(द्वितीय वर्ष, कला)

वार्षिकांक हाती पडला की आपण सर्वजण आधी अनुक्रमणिका उघडतो आणि आपले नाव कोठे छापून आले आहे ते शोधतो. यंदा माझा लेख आहे, पण नाव नाही. आमच्या घराण्यात कॉलेजची पायरी चढणारी मी पहिलीच. नाव छापून आले असते तर वडिलांनी हा अंक चार घरी नेऊन दाखवला असता. तरीही मी संपादकांना विनंती केली की, माझे नाव घालू नका. कारण माझ्या नावावरून आणखी एका बाईची ओळख पटेल, आणि मला लिहायची परवानगी देताना तिने एकच अट घातली होती. ती म्हणाली, "लिही, पण त्यात मी कुठं दिसायला नको." एखाद्या आजारी माणसाला अशी अट का घालावी लागते, हाच माझ्या लेखाचा विषय आहे.

थोडक्यात सांगायचे तर, लैंगिक संबंधांतून होणारा आजार घेऊन माणूस रात्रीबेरात्री सरकारी दवाखान्याच्या अपघात विभागात, म्हणजे आपण ज्याला कॅज्युअल्टी म्हणतो तेथे जातो, तेव्हा त्याला काय मिळते आणि काय मिळायला हवे, याविषयी मला लिहायचे आहे. हे वाचूनच काहीजण पान उलटतील. काही मित्र एकमेकांना कोपराने ढोसून हसतील. हसून झाल्यावर पुढे वाचावे, एवढीच त्यांना विनंती.

ती आमच्या नात्यातली. वयाने माझ्याहून फार मोठी नाही. लग्नाला दोन वर्षे झालेली. एका रात्री तिच्या ओटीपोटात असह्य दुखू लागले. चार-पाच दिवस ती ते अंगावर काढत होती, पण त्या रात्री तिला सरळ उभेही राहवेना. शेजाऱ्याची जीप काढली आणि आम्ही शहराच्या दवाखान्यात निघालो. सासू, दीर आणि मी. मला नेले ते मी 'शिकलेली' म्हणून. केसपेपर कोण लिहिणार, डॉक्टरांचे इंग्रजी कोणाला कळणार? कॉलेजात जाणाऱ्या पहिल्या मुलाला किंवा मुलीला घरातली ही कामे आपोआप चिकटतात, हे माझ्यासारख्या अनेकांना ठाऊक असेल.

खिडकीतल्या माणसाने मोठ्याने विचारले, "काय होतंय?" मागे दहा माणसे उभी होती. मी म्हटले, "पोटात दुखतंय." आत एका खाटेवर अपघातातला मुलगा कण्हत होता, दुसरीवर विषारी औषध घेतलेला माणूस, त्याच्या भोवती पोलीस. डॉक्टर एकटे होते आणि त्यांच्या डोळ्यांवर झोप होती. त्यांनी उभ्या उभ्या विचारले, "पाळी कधी आली होती? मूल आहे का? अंगावरून जातंय का?" तिन्ही प्रश्नांची उत्तरे सासूबाईंनी दिली. तिसऱ्याला तर त्या म्हणाल्या, "तसलं काही नाही आमच्यात." ती खाली बघत होती. दुखण्याचे एक इंजेक्शन, चार गोळ्या आणि "सकाळी ओपीडीला दाखवा" असा निरोप घेऊन आम्ही परतलो. सकाळी ओपीडीला कोणी दाखवले नाही. दुखायचे थांबले होते, आणि पुन्हा एकाची मजुरी बुडवून शहरात जायला कोणाचीच तयारी नव्हती.

तीन आठवड्यांनी पुन्हा तीच रात्र. यावेळी अंगात सणकून ताप. ड्यूटीवर एक तरुण डॉक्टरीण होती, बहुधा शिकाऊ. तिने पोटाला हात लावला आणि खाटेभोवतीचा पडदा ओढून म्हणाली, "सगळ्यांनी बाहेर थांबा." सासूबाई कुरकुरत गेल्या. मी हलले नाही. म्हटले, "मी तिच्यासोबत आहे, मी कॉलेजात शिकते." डॉक्टरीण माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू पण."

मला भयंकर राग आला. बाहेरच्या बाकावर बसून मी मनात म्हणत होते, बघा, या शिकलेल्या लोकांना गरिबाची किंमत नाही. दहा मिनिटे गेली असतील. मग सिस्टरची धावपळ झाली, तिला वॉर्डात दाखल केले, सलाईन लागले, सकाळी सोनोग्राफी झाली. गर्भाशय आणि त्याच्या नळ्यांना सूज, आत पू झालेला. तिच्या नवऱ्यालाही दुसऱ्या दिवशी बोलावून घेऊन औषधे दिली.

त्या दहा मिनिटांत काय बोलणे झाले ते मला कितीतरी महिन्यांनी कळले. आम्ही दोघी ज्वारी निवडत बसलो होतो. तिने सांगितले की, लग्नानंतर काही महिन्यांतच नवऱ्याला लघवीला जळजळ सुरू झाली होती, पू जात होता. त्याने स्टँडजवळच्या एका 'डॉक्टर'कडून इंजेक्शन टोचून घेतले आणि तिला बजावले, कोणाला बोलशील तर बघ. पुढे तिला त्रास सुरू झाला. मी विचारले, "मग पहिल्याच रात्री का नाही सांगितलंस?" ती थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "सासू होती. आणि तू होतीस की."

हे दुसरे वाक्य मी अजून विसरू शकलेले नाही. मी स्वतःला तिचा आधार समजत होते. तिच्या लेखी मी घरातलीच एक, उद्या चार जणींत बोलून जाणारी. तिच्या आणि औषधाच्या मध्ये जी गर्दी उभी होती त्यात मीही होते. ज्या डॉक्टरणीला मी मनात शिव्या दिल्या, तिनेच त्या रात्री सर्वांत मोठा उपचार केला. पडदा ओढला आणि आम्हाला बाहेर काढले.

या घटनेनंतर मी या विषयाची माहिती गोळा करू लागले. पहिली गोष्ट ध्यानात आली ती ही की, हे दुखणे एकट्या-दुकट्याचे नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार २०२० साली जगात १५ ते ४९ वयाच्या लोकांत उपदंश, परमा, क्लॅमिडिया आणि ट्रायकोमोनास या चारच आजारांची सुमारे ३७ कोटी ४० लाख नवी लागण झाली. म्हणजे रोजची दहा लाखांहून अधिक. विशेष म्हणजे हे चारही आजार औषधाने पूर्ण बरे होतात. गरमी म्हणून ज्याच्या नावाने आपले आजोबा-पणजोबा थरथरत, तो उपदंश सुरुवातीला पकडला तर दीर्घकाळ टिकणाऱ्या पेनिसिलिनच्या एका मात्रेत बरा होतो. न पकडला तर वर्षानुवर्षे अंगात मुरतो, आणि गरोदर बाईच्या पोटातल्या बाळालाही सोडत नाही.

आपल्या महाराष्ट्रातलीही एक साक्ष आहे. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी गडचिरोली जिल्ह्यातल्या दोन खेड्यांत साडेसहाशे स्त्रियांची तपासणी केली आणि तिचे निष्कर्ष १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. त्या स्त्रियांपैकी ९२ टक्के जणींना स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार होता, आणि त्यापूर्वी कधी अशी तपासणी झालेल्या बाया होत्या फक्त ८ टक्के. उरलेल्या बाया काय करत होत्या? भाकऱ्या थापत होत्या, निंदायला जात होत्या, आणि 'बाईच्या जातीला हे असायचंच' म्हणत होत्या. या ठिकाणी एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. अंगावरून पांढरे जाणे म्हणजे प्रत्येक वेळी लैंगिक रोग नव्हे. त्याची साधी कारणेही अनेक असतात. ओटीपोटाची सूजही दरवेळी संबंधांतूनच येते असे नाही. म्हणून अशा बाईकडे संशयाने पाहण्याचा अधिकार कोणालाच पोचत नाही. पण कारण कोणते ते तपासल्याशिवाय कळत नाही, आणि तपासणी विचारल्याशिवाय होत नाही.

आता कोणी म्हणेल, हे सगळे खरे, पण त्यासाठी कॅज्युअल्टी कशाला? तेथे अपघात, सर्पदंश, हार्ट अटॅक यांची गर्दी. एकटा डॉक्टर कोणाकोणाला पुरणार? ज्याचा जीव जात नाही त्याने सकाळी ओपीडीला यावे. हा आक्षेप मी पोकळ मानत नाही. त्या पहिल्या रात्रीच्या डॉक्टरांची अवस्था मी डोळ्यांनी पाहिली आहे, आणि त्यांच्याविषयी माझ्या मनात आता राग उरलेला नाही. तरीही त्या आक्षेपाला माझी तीन उत्तरे आहेत.

पहिले उत्तर असे की, यातली काही दुखणी खरोखरच तातडीची असतात. ओटीपोटाची सूज वेळेवर थांबवली नाही तर गर्भनलिका कायमच्या चिकटून बसू शकतात. मग मूल होत नाही, किंवा गर्भ नळीतच राहतो आणि नळी फुटून बाईचा जीव जाऊ शकतो. मुलांनीही हे ऐकून ठेवावे. वृषणात एकाएकी कळ येऊन सूज आली तर ती संसर्गाची असू शकते, तशीच वृषणाला पीळ पडल्याचीही असू शकते. पीळ असेल तर साधारण सहा तासांच्या आत शस्त्रक्रिया व्हावी लागते, एरवी अवयव गमवावा लागतो. लाजेपायी सकाळपर्यंत थांबलेला मुलगा आयुष्यभराचे नुकसान करून घेतो. तिसरे उदाहरण एच.आय.व्ही.चे. लागण होण्यासारखा प्रसंग घडला असेल तर ती टाळण्यासाठी २८ दिवसांची औषधे असतात, पण ती ७२ तासांच्या आत सुरू करावी लागतात, आणि जितकी लवकर तितकी चांगली. शनिवारी रात्री अत्याचाराला बळी पडलेल्या मुलीला सोमवारी ओपीडीला ये म्हणणे याचा अर्थ काय होतो, तो हिशेब ज्याने त्याने करावा. अशा मुलीवर विनामूल्य आणि ताबडतोब उपचार करणे सरकारी-खाजगी सर्व रुग्णालयांवर कायद्याने बंधनकारक आहे. २०१३ सालापासून ही तरतूद आहे, आणि १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेतही ती कायम आहे.

दुसरे उत्तर वेळेचे. ओपीडी सकाळची. ज्याचे पोट हातावर आहे त्याने सकाळी ओपीडीत बसायचे म्हणजे त्या दिवसाची चूल विझवायची. शिवाय ओपीडीत दिवसाउजेडी गावातली चार माणसे भेटतात, आणि 'त्वचा व गुप्तरोग विभाग' अशा मोठ्या अक्षरांतल्या पाटीखाली रांगेत उभे राहावे लागते. रोगाला गुप्त म्हणायचे आणि रोग्याला पाटीखाली उभे करायचे! रात्रीची कॅज्युअल्टी माणूस निवडतो ते मजुरी वाचवण्यासाठी तसेच अंधारासाठी. हे समजून घेतले तर 'उगाच रात्री येतात' अशी तक्रार कोणी करणार नाही.

तिसरे उत्तर मला सर्वांत महत्त्वाचे वाटते. अशा माणसाने एकदा धीर करून उंबरठा ओलांडला आणि तेथून त्याला हसून किंवा ओरडून परत पाठवले, तर तो पुन्हा येत नाही. तो कोठे जातो? कोणत्याही एस.टी. स्टँडच्या मुतारीच्या भिंतीवर किंवा रेल्वेच्या कडेच्या भिंतींवर त्याचे उत्तर रंगवलेले असते. 'गुप्तरोग, हमखास इलाज, भेटा.' १९५४ च्या औषधे व जादूटोण्याचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) कायद्याने अशा जाहिरातींना बंदी आहे. सत्तर वर्षे झाली, कायदा पुस्तकात आहे आणि जाहिरात भिंतीवर आहे. तेथे अर्धवट औषध टोचले जाते. लक्षणे दबतात, रोग राहतो. परम्याच्या जंतूंवर तर पूर्वीची बरीच औषधे आता चालेनाशी झाली आहेत, त्याला औषधांचा असा अर्धवट आणि बेछूट वापर कारण आहे. आमच्या घरातल्या त्या दुखण्याचे मूळही अशाच एका भिंतीपाशी होते. तो भिंतीकडे गेला आणि भोगले तिने.

दवाखान्यात सोय नाही असे मात्र नाही, आणि ही गोष्ट मला फार उशिरा कळली. राष्ट्रीय एड्स नियंत्रण कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालये, वैद्यकीय महाविद्यालये आणि कित्येक उपजिल्हा रुग्णालये यांत 'सुरक्षा क्लिनिक' नावाची केंद्रे आहेत. तेथे समुपदेशक असतो, तपासणी आणि औषधे विनामूल्य मिळतात. प्रयोगशाळेच्या अहवालाची वाट न पाहता लक्षणांवरून लगेच औषध देता यावे म्हणून या कार्यक्रमात औषधांचे सात संच ठरवले गेले आणि त्यांना रंग दिले गेले. मूत्रमार्गातून पू जात असेल तर करडा, जखम असेल तर पांढरा, ओटीपोटाच्या दुखण्याला पिवळा. डॉक्टर नवखा असला तरी चुकू नये, इतकी सोपी योजना. जोडीदारालाही औषध द्यावे असेही त्यात सांगितलेले आहे, कारण एकालाच औषध दिले तर रोग पुन्हा फिरून येतो. पण सुरक्षा क्लिनिक बंद होते दुपारी-संध्याकाळी. रात्री अकरा वाजता कॅज्युअल्टीत आलेल्या बाईला त्याचा पत्ता कोणी सांगत नाही. आम्हाला पहिल्या रात्री कोणी सांगितला असता, तर तीन आठवडे वाचले असते. त्या तीन आठवड्यांची किंमत काय झाली हे कोणी नक्की सांगू शकत नाही. पण नळ्यांना इजा झाली असावी असे डॉक्टर म्हणतात. अजून पाळणा हललेला नाही, आणि त्याचे खापर घरात कोणाच्या डोक्यावर फुटते ते सांगायची गरज नाही.

खापर बाईच्या डोक्यावर फोडण्याची रीत जुनीच आहे. इंग्रज सरकारने १८६८ साली सांसर्गिक रोगांचा कायदा केला. गोऱ्या सैनिकांना हे रोग होऊ नयेत म्हणून वेश्यांची सक्तीने नोंदणी आणि तपासणी करायची, रोग आढळल्यास 'लॉक हॉस्पिटल'मध्ये कोंडून ठेवायचे. रोग दोघांचा, सक्ती मात्र तिच्यावर. १८८८ साली तो कायदा रद्द झाला. पण त्यातली वृत्ती आपल्या माजघरात अजून मुक्कामाला आहे असे मला वाटते. उलट त्याच इंग्लंडने १९१६ साली आपल्या लोकांसाठी वेगळा मार्ग काढला. गावोगावी या रोगांवर मोफत उपचार, आणि रोग्याचे नाव संपूर्ण गुप्त. सक्तीने माणूस पळतो आणि विश्वासाने येतो, हे त्यांना स्वतःच्या घरात बरोबर कळले होते!

आपल्याकडे हे सांगणारा माणूस झालाच नाही असे नाही. रघुनाथ धोंडो कर्वे हे गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले. त्या कार्यापायी त्यांना विल्सन कॉलेजातली नोकरी सोडावी लागली. १९२७ साली त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक सुरू केले आणि १९५३ मध्ये मृत्यू येईपर्यंत चालवले. गुप्तरोगांविषयी ते त्यात उघडपणे लिहीत. अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. शंभर वर्षांपूर्वी एका प्राध्यापकाने ज्या विषयासाठी नोकरी गमावली, तो विषय आज आपल्या वर्गात किती निघतो? माझ्या सरांचा-मॅडमचा मी मान राखून विचारते आहे.

आपल्या आणि आसपासच्या कॉलेजांत १ डिसेंबरला जागतिक एड्स दिन होतो. लाल फितीची रांगोळी, घोषवाक्य स्पर्धा, प्रभातफेरी. मीही गेल्या वर्षी फेरीत होते, घसा बसेपर्यंत घोषणा दिल्या. पण या शहरात सुरक्षा क्लिनिक कोठे आहे, कितव्या खोलीत, किती वाजेपर्यंत, हे फेरीतल्या एकालाही सांगता आले नसते. १०९७ हा मोफत मदतीचा दूरध्वनी क्रमांक आहे हेही मला नंतर कळले. घोषणा पाठ आणि पत्ता माहीत नाही, असे आपले प्रबोधन आहे.

मग व्हावे काय? माझ्या मागण्या मोठ्या नाहीत. त्यांना नवी इमारत लागत नाही.

प्रत्येक कॅज्युअल्टीत निदान एका खाटेला धड ओढता येणारा पडदा असावा. ओटीपोटाचे दुखणे, लघवीची जळजळ, जांघेतली गाठ असे काही घेऊन आलेल्या प्रत्येक रोग्याला दोन मिनिटे एकट्याला विचारावे, मग तो पुरुष असो वा बाई, लग्नाचा असो वा बिनलग्नाचा. सर्वांनाच विचारले की कोणाला वेगळे काढल्यासारखे वाटत नाही. पुरुष डॉक्टर तपासत असतील तर जवळ सिस्टर किंवा मावशी असावी. औषधांचे ते रंगीत संच रात्रीही कपाटात असावेत. आणि रोगी बाहेर पडताना त्याच्या हातात एक चिठ्ठी असावी. तीवर रोगाचे नाव नको, नुसता खोली क्रमांक आणि वेळ. एच.आय.व्ही. बाधितांच्या गुप्ततेचे रक्षण करणारा २०१७ चा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून अंमलात आहे. रोग्याचे गुपित राखणे हे डॉक्टरांच्या आचारसंहितेतही आहेच. खिडकीतून मोठ्याने "काय होतंय?" विचारणाऱ्याला ते कोणी शिकवलेले नाही, एवढाच प्रश्न आहे. ते शिकवायला एक दुपार पुरेल.

हे झाले दवाखान्याचे. आपल्यावरची जबाबदारी निराळी आहे. 'गुप्तरोग' हा शब्दच आपण उलटा वापरतो असे मला वाटू लागले आहे. रोग उघड असला पाहिजे. त्याचे नाव, लक्षण, औषध, दवाखान्याचा पत्ता हे सगळे पुस्तकात, वर्गात, फलकावर उघड असले पाहिजे. गुप्त राहायला हवा तो रोगी. आपण रोगाचे नाव घेत नाही आणि रोग्याचे नाव गावभर करतो. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण या मुठीत निखारा आहे. तो झाकला तर हातच भाजतो.

राष्ट्रीय सेवा योजनेच्या पुढच्या शिबिरात आपण गावात रस्ता झाडण्याबरोबर एक दिवस सुरक्षा क्लिनिकच्या समुपदेशकांना बोलवावे. मुलींच्या खोलीत आणि मुलांच्या वसतिगृहात त्या केंद्राचा पत्ता आणि १०९७ हा क्रमांक लावावा. आरशाजवळ लावला तर कोण वाचतो ते कोणालाच कळणार नाही. यात अश्लील काय आहे, हे मला समजावून सांगणारे कोणी असेल तर मी ऐकायला तयार आहे.

शेवटी माझ्यासारख्यांना, म्हणजे घरातल्या पहिल्या शिकलेल्यांना, एक सांगायचे आहे. घरचे आजारी माणूस घेऊन दवाखान्यात जायची पाळी आपल्यावर पुन्हा पुन्हा येणार आहे. जरूर जा. केसपेपर लिहा, बसभाडे द्या, औषधाच्या चिठ्ठीवरचे इंग्रजी वाचून दाखवा, सासूबाईंना चहाला घेऊन जा. पण खाटेपाशी पडदा दिसला की कोणी सांगण्याची वाट न बघता बाहेर थांबा. मी थांबले नव्हते. तिने मला त्याबद्दल कधी बोल लावला नाही, म्हणून मी लिहिते आहे.